मुक्त सॉफ्टवेअरचे अर्थकारण

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एखाद्या दुकानदाराने हिशेबासाठी मुंबईच्या ‘फ्रॅपे’ कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे मुक्त सॉफ्टवेअर घेतले, तर त्यास परवाना शुल्क द्यावे लागत नाही. मग कंपनीचे उत्पन्न कोणते? सर्व्हरची सोय व साहाय्यसेवा यांचे शुल्क, हा तिचा प्रमुख आधार होय.

केवळ देणग्यांवर विसंबणे मात्र जोखमीचे ठरते. संकेतस्थळांवरील देवाणघेवाण गुप्त राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ला वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत असे. २०१४ मध्ये त्यातील ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघडकीस आला. त्यानंतरच मोठ्या कंपन्यांनी एकत्रित निधी उभारला.

तात्पर्य, सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी त्याची देखभाल विनाखर्च नसते. तो खर्च कोण उचलतो, हे ग्राहकाने आधीच पाहावे.