ताकीद आणि हकालपट्टी

पंचाचा निर्णय अखेरचा, हा फुटबॉलचा दंडक जुनाच. परंतु तो निर्णय खेळाडूस कळला तरी पाहिजे. २३ जुलै १९६६ रोजी वेम्ब्ली येथे इंग्लंडविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन यास मैदानाबाहेर काढले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते. रातीन दुभाषा मागत राहिला. कित्येक मिनिटे खेळ खोळंबला. इंग्लंडच्या जॅक चार्ल्टनला तर आपणास ताकीद मिळाल्याचे वृत्तपत्रांतून कळले, हे अधिकच बोलके म्हणावे लागेल. पंच-समितीचे केन ॲस्टन यांना पुढे रस्त्यावरील वाहतुकीच्या दिव्यांवरून युक्ती सुचली : पिवळे कार्ड ताकिदीचे, तांबडे हकालपट्टीचे. १९७० च्या मेक्सिको येथील विश्वचषकात ही कार्डे पंचांच्या खिशात आली. तांबडे मात्र तेथे एकदाही निघाले नाही. विश्वचषकात ते प्रथम पाहिले चिलीच्या कासेलीने, १९७४ साली.