नौकेवरील बिनतारी संच : अँटेना आणि केबलची जोडणी

११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. मासेमारीसाठी समुद्रात गेलेल्या अनेक नौका त्यात सापडल्या आणि कित्येक खलाशी परतले नाहीत. अशा प्रसंगी नौकेला जवळच्या नौकांशी व तटरक्षक दलाशी जोडणारे एक प्रमुख साधन म्हणजे व्हीएचएफ बिनतारी संच. परंतु केबिनमध्ये संच बसविला की नौका सुरक्षित झाली, हा समज अपुरा आहे. तांडेलाची हाक किती दूर पोहोचेल, हे डोलकाठीवरील अँटेना आणि तेथवर जाणारी केबल ठरविते.

उंचीचे महत्त्व

या संचाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे पृथ्वीची गोलाई त्यांच्या मार्गात आड येते. दोन नौकांच्या अँटेना पाण्यापासून ४ मीटर उंच असतील, तर संभाषणाची मर्यादा सुमारे १६ किलोमीटर राहते. तीच उंची ९ मीटर केल्यास ही मर्यादा सुमारे २५ किलोमीटर होते. म्हणून अँटेना डोलकाठीच्या शेंड्याजवळ, सरळ उभी आणि अन्य अँटेनांपासून किमान १ मीटर अंतरावर बसवावी. लाकडी व फायबरच्या नौकांसाठी, खाली धातूच्या पत्र्याची गरज नसलेली, सुमारे १ मीटर लांबीची अर्धतरंग अँटेना सोयीची ठरते.

केबलची निवड

केबल ५० ओहमचीच हवी. दूरचित्रवाणीची ७५ ओहमची केबल येथे वापरू नये. आरजी-५८ ही पातळ केबल १५ मीटर लांब असल्यास जवळजवळ निम्मी शक्ती वाटेतच उष्णतेच्या रूपाने नष्ट होते. संचातून २५ वॉट निघाले, तरी अँटेनापर्यंत जेमतेम १२ वॉट पोहोचतात. आरजी-२१३ ही जाड केबल वापरल्यास सुमारे १८ वॉट पोहोचतात. केबल काटकोनात मोडू नये, तसेच दोरखंडांच्या घर्षणापासून तिचे रक्षण करावे. केबिनमध्ये शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथेच ठिबकून जाते.

सांध्यांची काळजी

खारे पाणी हा या जोडणीचा खरा शत्रू होय. सांध्यातून शिरलेले पाणी केबलच्या जाळीतून वातीतल्या तेलाप्रमाणे पसरते आणि तांबे काळे पडते. त्यामुळे कल्हईयुक्त तारेची केबल घ्यावी, सांधे कमीत कमी ठेवावेत, ते नीट झाळावेत आणि उघड्यावरील प्रत्येक सांध्यावर जलरोधक रबरी पट्टी ताणून गुंडाळावी.

तपासणी

अँटेना जोडल्याखेरीज संचाची बोलण्याची कळ दाबू नये. संच बिघडण्याचा संभव असतो. जोडणीनंतर एसडब्ल्यूआर मापकाने परीक्षा करावी. मापन १.५ च्या आत असणे उत्तम. २ च्या वर गेल्यास दोष शोधावा. १५६.८ मेगाहर्ट्झवरील १६ क्रमांकाची वाहिनी संकटकाळासाठी व प्रथम हाकेसाठी राखीव आहे. म्हणून चाचणीचे संभाषण अन्य वाहिनीवर करावे.

पावसाळी मासेमारीबंदीत नौका किनाऱ्यावर असतात. नारळी पौर्णिमेपूर्वीचा हा काळ तपासणीस सर्वांत योग्य होय. किनारपट्टीवरील पंचायत सदस्यांनी व मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांनी संच आहे काय, एवढेच न पाहता त्याची केबलही पाहावी. शिक्षकांनी हा विषय कोळीवाड्यातील मुलांना समजावून दिल्यास तो घरोघरी पोहोचेल. सांधा किडलेला आहे, हे वादळात नव्हे, तर किनाऱ्यावरच कळले पाहिजे.