नळी कोणती, पोचणार कधी?

एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तावरून गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी, करायला निघालेली ओळखीतली कोणी भेटली, की मी तिला लॅबचं पॅकेज विचारत नाही. रक्त कोणत्या नळीत घेणार आणि ते तपासणीच्या जागी कधी पोचणार, एवढं विचारून ये, असं सांगते.

माझ्या डबल मार्करचा, म्हणजे त्याआधीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट अधलामधला आला, म्हणून डॉक्टरांनी एनआयपीटी सुचवली. आम्ही वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहतो. कलेक्शनचा मुलगा घरी आला तो नेमका उत्तरायणाच्या आदल्या दुपारी. नळी नेहमीचीच, जांभळ्या बुचाची. नमुना परगावी जायचा होता. कुरियरचं विचारलं तर म्हणाला, "बे दिवस तो बधुं बंध. फ्रिजमां मूकी दईशुं बेन, चिंता ना करो." म्हणजे दोन दिवस सगळं बंद, नळी फ्रिजमध्ये ठेवू. उत्तरायण आणि वासी उत्तरायण या दोन दिवसांत अख्खं वडोदरा गच्चीवर असतं, त्यामुळे त्याचं बोलणं मलाही पटलं.

रिपोर्ट आला: फीटल फ्रॅक्शन अपुरं, निष्कर्ष देता येत नाही. सासूबाईंनी देवासमोर दिवा लावला. "बाळाला काही नाही ना गं?" हा एकच प्रश्न घरात फिरत राहिला. डॉक्टरांनी मात्र आधी नमुन्याची चौकशी केली: रक्त कधी काढलं, कशात काढलं, लॅबला कधी मिळालं?

त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक गरोदर बाईला माहीत असायला हवं. आईच्या रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, गर्भाचा डीएनए मोकळा फिरतो, हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये १९९७ साली दाखवलं. हे तुकडे प्रत्यक्षात येतात वारेतून. दहाव्या आठवड्यानंतर मोकळ्या डीएनएमध्ये त्यांचा वाटा साधारण १० टक्के असतो, बाकी सगळा आईचा. हा वाटा म्हणजेच फीटल फ्रॅक्शन. तो सुमारे ४ टक्क्यांच्या खाली गेला, तर बऱ्याच लॅब निष्कर्ष देत नाहीत.

जांभळ्या बुचाच्या साध्या ईडीटीए नळीत रक्त गोठत नाही, पण आईच्या पांढऱ्या पेशी हळूहळू मरून फुटतात आणि त्यांचा डीएनए प्लाझ्मात मिसळतो. दुधात पाणी पडावं तसं होतं: बाळाचे तुकडे तेवढेच राहतात, प्रमाण मात्र पातळ होत जातं. फ्रिजमध्ये हे मंदावतं, थांबत नाही. म्हणून अशा नळीतला प्लाझ्मा साधारण सहा तासांच्या आत सेंट्रिफ्यूजवर फिरवून वेगळा करावा लागतो. लांब पाठवायचं असेल तर पेशी टिकवणारं द्रव्य घातलेली खास नळी मिळते. तिच्यातलं रक्त नेहमीच्या तापमानाला कित्येक दिवस चालतं. ती नळी बर्फात किंवा फ्रीझरमध्ये मात्र ठेवायची नाही. रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतातच.

निष्कर्ष न येणं तरी परवडलं. बाळात २१व्या गुणसूत्राची जादा प्रत, म्हणजे डाउन सिंड्रोम, असली तरी मोजणीत दिसणारा फरक अगदी थोडा असतो. प्रमाण पातळ झालं की तोही बुजतो, आणि 'धोका कमी' असा खोटा दिलासा मिळू शकतो.

माझी तपासणी पुन्हा झाली, खास नळीत. रिपोर्ट व्यवस्थित आला. मधले दिवस मात्र कसे गेले, ते घरच्यांनाच ठाऊक.

तेव्हा रक्त देण्याआधी हे पाहा. सोनोग्राफीने दहा आठवडे पूर्ण झाल्याची खात्री करा. नळी खास नसेल, तर प्लाझ्मा इथेच आणि किती वेळात वेगळा करणार, ते विचारा. रक्त घेतल्यावर नळी जोरात न हलवता आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी केली जाते ना, तिच्यावर तारीख-वेळ लिहिली जाते ना, तेही बघा. दिवाळी, उत्तरायण किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या तोंडावर नमुना देऊ नका. मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा चाळिशीपार असतो, तेव्हा दुपारभर स्कूटरच्या डिकीत नळी फिरणार नाही याची हमी घ्या. रिपोर्टवर फीटल फ्रॅक्शनचा आकडा मागा.

आणि सगळा दोष नळीवर टाकूनही मोकळं होऊ नका. आईचं वजन जास्त असेल तरी प्रमाण कमी येतं. १८ किंवा १३ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या काही दोषांमध्येही ते कमी असू शकतं. दुसऱ्यांदाही निष्कर्ष आला नाही, तर तिसऱ्या नळीची वाट न पाहता जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्या. एनआयपीटी ही चाळणी आहे, निदान नाही. धोका दाखवला तर खात्री गर्भजल तपासणीने करायची, आणि ती साधारण पंधराव्या आठवड्यानंतर होते. बाळ मुलगा की मुलगी, हे मात्र कोणालाही विचारू नका. १९९४च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे आणि विचारणाराही त्यातून सुटत नाही.

गरोदरपणात वाया गेलेला आठवडा परत मिळत नाही. म्हणून हात पुढे करण्याआधी प्रश्न विचारा, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर सरळ दुसरी लॅब बघा.