घर लहान झालं, म्हातारपणाचं काय?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी विचारलं, "तुमच्या आजीला लेकरं किती? आईला किती? तुम्हाला किती?" आकडे फळ्यावर लिहिले. आजीला सात-आठ, आईला चार, आपल्याला दोन, काहींना एकच. सगळ्या हसल्या. मग मागे बसलेल्या एक आजी बोलल्या, "म्हणूनच का आता रोवणीला बाया भेटत नाहीत?"

थोडं त्यामुळे, थोडं पोरं नागपूर-पुण्याला गेली म्हणून. पण आजींचा प्रश्न मोलाचा आहे. आज तोच समजून घेऊ.

आकडे काय सांगतात?

एका पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला दर बाईमागे सरासरी 2.1 मुलं लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 1992-93 मध्ये हा आकडा 2.9 होता. 2019-21 मध्ये तो 1.7 वर आला. आज तरुण बाया संख्येने जास्त आहेत, म्हणून लोकसंख्या लगेच घटत नाही. पण वाढ मंदावते. आपल्या भंडारा जिल्ह्यात 2001 ते 2011 या दहा वर्षांत जेमतेम 64 हजार माणसं वाढली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात तर लोकसंख्या घटली. चीनची 2022 पासून घटते आहे. दक्षिण कोरियात 2023 मध्ये हा आकडा 0.72 होता, म्हणजे बाईमागे एक मूलही नाही.

मग जास्त मुलं व्हावीत का?

आपल्याकडे 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आंध्र प्रदेशात असाच नियम होता, तो त्यांनी 2024 मध्ये काढून टाकला. काल 'कमी करा' म्हणणारे उद्या 'वाढवा' म्हणू शकतात. पण मूल आपल्या पोटी वाढतं. ऑपरेशनही बहुतेक घरांत बाईनेच करून घेतलं. म्हणून किती आणि कधी, हे ठरवण्यात बाईचा शब्द असलाच पाहिजे. लहान कुटुंबामुळे लेकी शिकल्या, बाळंतपणाचे हाल कमी झाले. ही कमाई गमवायची नाही.

खरी अडचण कुठे?

आधी चार भावांत म्हातारे आई-बाप वाटून सांभाळले जायचे. आता तो भार एकाच घरावर, म्हणजे बहुधा एकाच सुनेवर येतो. त्याची तयारी आजपासून करू या:

1. स्वतःचा पैसा. वय 18 ते 40 असेल आणि आयकर भरत नसाल तर बँकेत अटल पेन्शन योजनेची चौकशी करा. साठीनंतर दरमहा 1,000 ते 5,000 रुपये मिळतात. तिसाव्या वर्षी सुरू केलं तर 1,000 रुपयांच्या पेन्शनसाठी महिन्याला 116 रुपये भरावे लागतात.

2. लेकही वारस. 2005 च्या कायद्याने हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. 2007 च्या कायद्याने आई-वडिलांचा सांभाळ ही मुलगा-मुलगी दोघांचीही जबाबदारी आहे. जबाबदारी लेकीची आणि जमीन फक्त लेकाची, असं चालणार नाही.

3. गटाची साथ. गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी ग्रामसंघाने करावी. आठवड्यातून एकदा कोणीतरी घरी जाऊन विचारपूस करावी.

पुढच्या बैठकीत बोला: आपल्या गटात साठीसाठी वेगळी बचत किती जणींची आहे? सातबारावर नाव किती जणींचं आहे? हात वर करा, मोजा आणि आकडा ठराव वहीत लिहा.