पैसे भरले, पण गाडी मिळेना : काय करावे?

नरखेड तालुक्यात संत्र्याचा हंगाम लागला की मालवाहू गाडीचा एकेक दिवस मोलाचा असतो. समजा, एखाद्या छोट्या व्यापाऱ्याने आंबिया बहाराच्या तोंडावर टेम्पो नोंदविला आणि पैसे भरले. विक्रेता मात्र ‘पुढच्या आठवड्यात या’ एवढेच सांगतो. इकडे बँकेचा हप्ता सुरू, तिकडे भाड्याच्या गाडीचा खर्च. अशा वेळी तोंडी शब्द कामी येत नाही, कागद येतो. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट तारखेची. नोंदणीच्या कागदावर ताबा देण्याची तारीख आणि ‘गाडी या हंगामासाठी वेळेवरच हवी’ हे लिहून घ्यावे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ नुसार वेळ ही कराराची मुख्य अट असेल, तर ती चुकल्यावर करार रद्द करता येतो. तशी अट नसेल, तर फक्त नुकसानभरपाई मागता येते.

दुसरी गोष्ट ताबा घेण्याची. वेळेची अट मोडल्यावरही आपण उशिरा आलेली गाडी मुकाट्याने घेतली, तर याच कलमानुसार उशिराची भरपाई मागता येत नाही. म्हणून ताबा घेतानाच ‘भरपाईचा हक्क राखून गाडी घेत आहे’ असे लिहून द्यावे व पोच घ्यावी.

तिसरी गोष्ट ग्राहक कोण, ही. महाराष्ट्रातील लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या उद्योगाला मागविलेले यंत्र सहा महिने उशिरा आणि सदोष मिळाले. राज्य आयोगाने भरपाई दिली, पण खरेदी व्यापारी हेतूची ठरल्याने ती टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हाच निर्णय कायम केला. मात्र पोट भरण्यासाठी रिक्षा घेऊन स्वतः चालविणारा ग्राहकच आहे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ही सवलत आहे. तेव्हा स्वयंरोजगारासाठी गाडी घेत असाल, तर तसे कागदावर व तक्रारीत जरूर लिहावे. पगारी चालक ठेवून गाड्यांचा धंदा करणाऱ्याला सहसा दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागते.

उशीर झाला की आधी स्पीड पोस्टाने पत्र पाठवून मुदत द्यावी. पावत्या आणि भाड्याच्या गाडीची बिले जपून ठेवावीत. बँकेचा हप्ता मात्र रागाने थांबवू नये, तो करार वेगळा असतो. एवढ्यावरही दाद लागली नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. गाडी अमरावतीहून घेतली असली, तरी नरखेडच्या रहिवाशाला नागपूरलाच तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही सल्ला मिळतो.

सौदा करताना संकोचाने न लिहिलेली एक ओळ पुढे सगळा हंगाम बुडवू शकते.