गाडीचा वॉटर पंप गळतोय? चला, समजून घेऊ : घरच्या वस्तूतून विज्ञान



मारुती 800 भारतात डिसेंबर 1983 मध्ये आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरीही गावोगावी ही गाडी अजून चालताना दिसते. जुन्या छोट्या गाडीत हमखास येणारा एक दोष म्हणजे वॉटर पंपाची गळती. बरेच जण रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओततात आणि गाडी काढतात. पण पाणी भरणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. गळती हा इशारा असतो, तो वाचता आला पाहिजे.

पंपाचं काम काय?

पेट्रोल जळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यातून बाहेर काढावी लागते. हे पाणी फिरवतो तो वॉटर पंप. मारुती 800 मध्ये इंजिनाच्या पुढच्या पुलीवरचा पट्टा पंप आणि अल्टरनेटर दोन्ही फिरवतो. म्हणून पट्टा तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि पाठोपाठ उष्णतेचा काटाही चढतो.

पंपाच्या आत पात्यांचं एक चाक असतं. ग्लासातलं पाणी चमच्याने जोरात ढवळा. मधे खळगा पडतो आणि पाणी कडेला चढतं. पंपातही असंच पाणी बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि मधे नवीन पाणी ओढलं जातं.

गळती कुठून होते?

पात्याचं चाक आणि बाहेरची पुली एकाच दांड्यावर असतात. दांडा बेअरिंगमध्ये फिरतो. पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून मधे सील असतं. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील झिजलं की पाणी त्या भोकातून बाहेर येतं. म्हणजे बेअरिंग वाचतं आणि आपल्याला खबरही मिळते.

काही जण हे भोक एम-सीलने बुजवतात. तसं कधीच करू नका. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग जाम होतं आणि पट्टा तुटतो. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय तर सर्वांना माहीत आहे. रेडिएटरचं अगदी बारीक छिद्र त्याने तात्पुरतं बुजेलही. पण फिरत्या दांड्याचं सील त्याने बंद होत नाही, उलट अरुंद नळ्या तुंबतात.

ओळखायचं कसं?

1. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहा.
2. डागाला रंग असेल तर ते कूलंट. एसी चालवल्यानंतर पडणारं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं. ती गळती नव्हे.
3. पंपाच्या भोकाखाली वाळलेला पांढरा किंवा हिरवट ओघळ दिसतो का?
4. इंजिन पूर्ण थंड आणि बंद असताना पुली हाताने हलवा. डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलं.
5. होज पाइप आणि त्यांच्या क्लिपाही तपासा. कधी कधी दोष फक्त सैल क्लिपेचा असतो.

दुरुस्ती

सील गेलं असेल तर अख्खा पंप बदलणंच बरं. पंप काढताना टायमिंग बेल्ट काढावा लागत असेल, तर काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या. त्या पट्ट्याच्या खुणा चुकल्या तर इंजिन नीट चालणार नाही. आपण उभं राहून एवढं मात्र पाहायचं :

- जुनं गॅस्केट पूर्ण खरवडून काढलं का? पण ॲल्युमिनियमवर ओरखडे पडू नयेत.
- गॅस्केट नवीनच बसवलं का?
- बोल्ट बेताने आवळले का? ॲल्युमिनियममधले आटे लवकर जातात.
- पट्टा फार ताणला नाही ना? जास्त ताणाने नवं बेअरिंगही लवकर जातं.
- कूलंट भरताना आतली हवा काढली का?

बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार आत थर धरतात. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना पातळी पुन्हा बघा.

सुरक्षितता : हे मुलांनाही सांगा

गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो. वातावरणापेक्षा एक बार जास्त दाब असेल तर पाणी सुमारे 120 अंश सेल्सिअसला उकळतं. झाकण उघडताच दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि हात-चेहरा भाजतो. प्रेशर कुकरची शिट्टी आधी का काढायची नाही, त्याचंही कारण हेच.

रस्त्यात काटा लाल रेषेकडे गेला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचा हेड तडकू शकतो. तसंच रेटून चालवलं तर हेड वाकतो, गॅस्केट जळतं आणि पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो.

साध्या कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड पण विषारी असतं. सांडलेलं लगेच धुवा, बाटली मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशी ठेवा.

वर्गात काय घ्याल?

उष्णतेच्या पाठात वहन, अभिसरण, प्रारण शिकवताना हे उदाहरण घ्या. इंजिनाच्या धातूतून उष्णता पाण्यात कशी जाते? रेडिएटरवर पंखा कशाला? मुलांना विचारा : "पाणी रोज कमी होतंय, तर आधी काय कराल?" बहुतेक जण म्हणतील, "भरू." मग पुढचा प्रश्न, "पण जातंय कुठे?" हा दुसरा प्रश्न मुलं आपणहून विचारू लागली, की पाठ जमला म्हणायचा.