वेदीवरचा निशिगंध

संत योसेफांच्या हातात पांढरी लिली असते, म्हणून त्यांच्या सणाला वेदीवर लिलीच हवी, असा आग्रह कधी कधी होतो. आपल्या भागात तो आम्हांला पटत नाही. चित्रातली ती लिली भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची. धाराशिवचा उन्हाळा तिला सोसत नाही.

आपला निशिगंधही कांद्यापासूनच येतो, मात्र तो मूळचा मेक्सिकोचा आणि नात्याने बांधावरच्या घायपाताचा भाऊबंद! त्याचे जुने मराठी नाव गुलछबू. फारसीत गुल-ए-शब्बो, शब म्हणजे रात्र, म्हणजे अर्थ तोच. आपल्या नळदुर्गला बोरी नदी अडवून 1613 मध्ये पाणीमहाल झाला, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. त्याच्या दरबारी सुगंधांवर 'इत्र-इ-नौरसशाही' हा ग्रंथ लिहिला गेला. अशा सुगंधवेड्या दख्खनी बागांतूनच हे नाव आपल्या बोलीत रुजले असावे, असे आम्हांला वाटते.

चर्चच्या आवारात लावायचा तर एप्रिलच्या सुमारास लावावा. काळ्या जमिनीत पाणी साचून कांदे कुजतात, म्हणून गादीवाफा करावा. जाड कांदेच निवडावेत. बारीक कांद्यांना पहिल्या वर्षी फूल येत नाही. वेदीसाठी एकेरी जात बरी. दुहेरी भरगच्च दिसते, पण वास कमी.